हरळीच्या काणीवरून बंद झालेली वाट

रामकिसन, तू मिठाला म्हणून बाजारात जाऊन पान खाऊन परत येणारा माणूस. म्हणून तोंडी सांगत न्हाई, कागदावर घालते.

मी, वच्छलाबाई भ्रतार कडूबा खरात, वय सत्तरीच्या पुढे, राहणार जांब समर्थ, तालुका अंबड, जिल्हा औरंगाबाद, हे मृत्युपत्र सांगते आणि संपत गुरुजी लिहितात. मला अक्षर येत न्हाई. मांडी मोडल्यापासून खाटेवर आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे.

एक. राहते घर मुलगा रामकिसन यास. शेळ्या सून कौसल्या हिला. त्या तरी तिचं ऐकतात.

दोन. ओढ्याकाठचे शेत नात बेबीनंदा हिला. रामकिसनला का न्हाई, तेही लिहा गुरुजी. शेताच्या तीन बाजूंना चुलत पुतण्या मल्हारीची जमीन, वाट त्याच्या बांधावरून. त्याच्या ज्वारीत काणी आली, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी. माझ्या बांधावरच्या हरळीच्या तुऱ्यालाही काळं दिसलं. रोग माझ्या हरळीतूनच येतो म्हणत, तेवढ्यावरून त्याने बाभळीचे काटे लावून वाट बंद केली. ओढ्यातून माणूस जातं, बैल जात न्हाई. दोन हंगाम शेत पडीक. मी खाटेत, शेत काट्यात. आता मल्हारी म्हणतो, मलाच विका, आणि रामकिसन हो-हो म्हणून मान डोलवून राह्यलाय.

तीन. बेबीनंदा परभणीला शेतकी कॉलेजात पिकांच्या आणि तणांच्या बुरशा पारखून त्यांची घराणी लावते. काणी बी बुरशीच. तिने दोन्ही भुकट्या भिंगाखाली पाहिल्या; म्हणाली, घराणं एक, पण जात वेगळी. मंग कुंड्यांत ज्वारीच्या बियाला चोळून पेरल्या. ज्वारीच्या भुकटीने कणसं काळी झाली, हरळीच्या भुकटीची स्वच्छ निघाली. मल्हारीची काणी त्याच्याच बियातून येते. पेरायच्या आधी गंधक चोळायचं, बस. त्याला खाटेपाशी बोलावून कुंड्या दाखवल्या.

तो म्हणाला, "पण काकू, घराणं तर एकच ना?"

मी म्हणाले, "घराणं तुझं-माझंही एकच आहे, बाबा. म्हणून तू माझ्या चुलीवर जेवतोस का?"

हसला, चहा प्याला, गेला. काटे तिथंच.

चार. शेत पेरायचं का विकायचं, ते बेबीनंदाने ठरवावं, बापाने न्हाई.

वच्छलाबाई यांचा डाव्या अंगठ्याचा ठसा
साक्षीदार: बद्रीनाथ, अण्णासाहेब (सह्या)
लेखनिक: संपत गुरुजी
जांब समर्थ, ११ जानेवारी १९७८

अंगठा उठवल्यावर बाईंनी सांगितलेले, साक्षीदारांसमक्ष जोडले, पुन्हा अंगठा घेतला:

माझ्या तेराव्याचा स्वयंपाक त्याच शेतात करा. भांडी, सरपण बैलगाडीत घालून गाडी काट्यांपाशी उभी करा. तेराव्याच्या अन्नाची गाडी आमच्या भावकीत आजवर कोणी अडवली न्हाई. मल्हारी अडवतो का काटे उचलतो, ते मला दिसणार न्हाई. उचलले, तर पहिलं ताट बांधावरून त्याच्याच वस्तीवर पाठवा: पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, आणि तूप पोळीवरून ओघळेल इतकं.