डोळे न आखलेला गणपती

पेण,
१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार

चि. शांतीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे बरे आहोत. तुम्हीही रोह्याला सगळे बरे असाल, असं लिहिणार होते, पण तुझ्या सासूबाईंचं, बायजाबाईंचं, कळल्यावर ते लिहिण्यात अर्थ नाही. काल ग्रहण म्हणून संध्याकाळी कुंचले धुवून ठेवले. ढगांनी ग्रहण काही दिसू दिलं नाही, पण तुझ्या महिपतीभावोजींनी सुट्टी मात्र पुरेपूर घेतली. आजपासून श्रावण. चतुर्थीला महिना उरला आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे बघावं तिकडे सोंडा.

गोविंदराव रात्रपाळी संपवून नागोठण्याहून सकाळी थेट इथेच आले. जेवून आता बाजारात गेलेत, चारच्या एस्टीनं रोह्याला निघतील. तुझ्या सासूबाईंना माझाच गाठींचा आजार निघाला आणि मुंबईच्या माझ्याच हॉस्पिटलात, त्याच नव्या औषधाच्या अभ्यासात त्यांचं नाव लागलं, हे त्यांच्याकडून कळलं. मंगळवारी शिरेतून औषधाची पहिली बाटली. ताईला विचारून या, काय काय ध्यानात ठेवायचं ते, एवढाच तुझा निरोप. अडीच महिन्यांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, तेही नवऱ्याच्या तोंडून. चालेल. आपल्या घराण्यात सुंभ जळतो पण पीळ जात नाही, आणि त्यात मी तुझ्याहून थोरली.

तर आधी बायजाबाईंना सांग, हे केमो नव्हे. ह्यानं केस जात नाहीत. माझी वेणी आहे तशीच आहे, पांढरी तेवढी झाली. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं, की आजारी पेशींच्या अंगावर एक खूण असते. हे औषध ती खूण ओळखून चिकटतं, मग शरीरच त्या पेशी काढून टाकतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या कारखान्यासारखं, ज्या मूर्तीला नावाची चिठ्ठी तीच उचलायची. डॉक्टर हसले. म्हणाले, बरोबर, पण काही चांगल्या पेशींवरही तीच चिठ्ठी असते, त्याही जातात. म्हणून पुढचे काही महिने ताप आला तर घरी काढे पीत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

त्या ब्लडप्रेशरची गोळी घेतात ना? त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही ते आधीच विचारून ठेव. बाटली चालू असताना प्रेशर खाली येऊ शकतं म्हणून मला आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचं त्यांचे डॉक्टर ठरवतील. मागे कधी कावीळ झाली होती का, छातीत धडधडतं का, सगळं सांगायचं, लाजायचं नाही. सुरुवातीला तापाची गोळी आणि अंगाला खाज येऊ नये म्हणून इंजेक्शन देतात, त्यानं पेंग येते. घाबरू नको.

दर मंगळवारी एक, अशा चार बाटल्या. पहिल्या दिवशी सकाळी लावलेली बाटली संध्याकाळपर्यंत चालते. मुद्दामच हळू सोडतात. शाडूची मूर्ती उन्हात सुकवली तर तडकते, सावलीतच ठेवावी लागते, तसं समज. त्यांना सैल बाह्यांचं पोलकं घाल, शाल ने. आणि कितीही हट्ट केला तरी डब्यात वालाचं बिरडं नको, दिवसभर पोट गडगडत राहील.

इतकं लिहून मी उठले, दोन गणपतींच्या भुवया काढल्या आणि परत बसले. पुढचं लिहिलं नाही तर वरचं सगळं फुकट आहे.

बाजारात जाताना गोविंदराव उंबऱ्यात थांबले. म्हणाले, तू बायजाबाईंबरोबर जायला तयार नाहीस. "शांती म्हणते, शपथ मोडणारीनं आजाऱ्याच्या उशाशी बसू नये. मैनाताईचा शब्द हाय तिच्यावर." खाली बघून बोलले बिचारे. हातातला पेला घासत राहिले. तो आधीच घासलेला होता.

माझ्या पहिल्या बाटलीच्या दिवसाचं खरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या भावोजींना सांगितलं, शांतीला पेरणीची घाई होती म्हणून ती गेली. त्यांनी मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. आता तुलाच सांगते, तुला ठाऊक असलेलं.

मुंबईला निघायच्या आधी, पहाटे, मी तुला कारखान्यात नेलं आणि म्हटलं, तिथे मला काहीही झालं तरी नर्सला सांगायचं नाही. औषध अंगाला मानवलं नाही तर अभ्यासातून नाव कापतात, असं मला तपासणीच्या रांगेत कुणीतरी सांगितलं होतं. विचारून घेण्याची अक्कल मला झाली नाही. मला जगायचं होतं गो, आणि जगायचं तर गप्प राहायचं, असं माझ्या डोक्यानं घेतलं. तू नको नको म्हणत होतीस. मी तुझा हात धरून गणपतीवर ठेवला आणि तुझ्याकडून वदवून घेतलं.

बाटली लावून अर्धा तास झाला नाही तोच माझे हात खाजायला लागले. सिस्टरनं बघितलं, विचारलं. मी म्हटलं, आम्ही रंगकाम करणारी माणसं, टर्पेंटाइननं हात असेच खाजतात, दर सीझनला. तिला पटलं. का नाही पटणार, माझ्या नखांत रंग होताच. खरं सांगायचं तर मलाही अर्धं पटलं होतं. तीस वर्षं खाजणाऱ्या हातांचं कोण मनावर घेतो? पण मग पोटही खाजायला लागलं, थंडी भरली, जीभ जड झाली, गळ्यात सुपारी अडकल्यासारखं झालं. तरी मी तुझ्याकडे डोळे वटारून बघतच होते.

आणि तू उठलीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "सिस्टर, ही सांगायची नाय. रंगानं हिचे हात खाजतात, पोट नाय. गळा धरलाय हिचा, बघा."

बाटली बंद केली तेव्हा मला वाटलं, आता माझं सगळंच बंद झालं. नाव कापलं, घरी पाठवणार. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून मी सगळ्या वॉर्डासमोर तुला बोलले, "शपथ मोडलीस. आता मी मेले तर तुझ्या माथी." भावोजी खाली चहाला गेले होते, ते आले तशी पिशवी उचललीस आणि गेलीस.

तू गेल्यावर काय झालं ते मी तुला कधी कळवलं नाही, ही माझी दुसरी चूक. तासाभरानं गळा मोकळा झाला आणि डॉक्टरांनी तीच बाटली परत लावली, अर्ध्या वेगानं. नाव कुणी कापलं नाही. ते म्हणाले, पहिल्या वेळी पुष्कळांना असं होतं, म्हणूनच तर सांगा म्हणतो. वेळेत कळलं की थांबवून हळूहळू पुन्हा चालू करता येतं. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, हेही म्हणाले, मान खाली घालून कागद लिहिता लिहिता. पुढच्या तिन्ही वेळा काहीसुद्धा झालं नाही, वेळही कमी लागला.

गेल्या महिन्यात तपासलं. मानेतल्या गाठी आता हाताला लागत नाहीत. आजार गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, दबला म्हणतात, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. मला तेवढं पुष्कळ आहे. सकाळी उठून कुंचला धरते, भावोजींशी भांडते, चहात साखर जास्त झाली म्हणून कुरकुरते, हे सगळं मला मिळालेलं दान आहे, आणि त्यातलं अर्धं तुझं आहे. अर्धं तरी देवाला राग येऊ नये म्हणून म्हणते.

आता ऐक. गेल्या सोमवारी मागच्या फळीवरची एक वीतभर मूर्ती आखायला घेतली. अंगाला नुसता पांढरा रंग दिलेला, बाकी कोरी. तिच्या गुडघ्यावर पिवळं बोट उमटलेलं दिसलं. हळदीचं. त्या पहाटे तू माझ्यासाठी पोहे फोडणीला टाकले होतेस आणि मी हाक मारली म्हणून तशीच आली होतीस. पुढच्या ओळीतल्या मूर्तींचे रंग ओले होते, म्हणून मी तुझा हात ओढून मागच्या मूर्तीवर ठेवला. अख्ख्या पेणमध्ये डोळे आखणारी म्हणून मिरवते मी, आणि त्या गणपतीला डोळेच नाहीत हे मलाच दिसलं नाही.

आपण दोघी मूर्तिकाराच्या घरात वाढलो. आबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल. प्राणप्रतिष्ठा भटजी करतील ती करतील, पण डोळे लागेपर्यंत आपल्या घरात त्याला मातीच म्हणायचं. कोऱ्या मूर्तीला कुणी नमस्कार केला की आबा हसायचे. शांती, तू शपथ मोडली नाहीस, कारण ती घेतलीच गेली नव्हती. तुझा हात मातीवर होता. आणि समज, डोळे असते, तरी त्याला दिसलं असतं ते हेच, की एक बहीण हट्टानं मरायला निघाली आणि दुसरीनं तिला धरून ठेवलं. माथी मारायचंच तर माझं जगणं तुझ्या माथी आहे. तो शब्द मी परत घेते, लेखी घेते. हवं तर बायजाबाईंना वाचून दाखव.

मंगळवारी तूच त्यांच्याजवळ बस. गोविंदराव गुणाचे आहेत, पण रात्रपाळीचा माणूस, खुर्चीत बसला की डुलकी काढणार. बायजाबाई माझ्याइतक्याच हट्टी, विचारलं तर "काय नाय, बरी हाय" म्हणतील. शेतावरची बाई, खाज आली तर भाताचं कूस लागलं म्हणेल. त्यांच्या हातांकडे बघ, मानेकडे बघ, आवाज ऐक, आणि जरा शंका आली की माझ्या वेळी बोलावलंस तशी सिस्टरला बोलाव.

गोविंदरावांबरोबर ती मूर्ती पेंढ्यात गुंडाळून देते आहे. मी तिला डोळे आखलेले नाहीत आणि तुझं हळदीचं बोटही पुसलेलं नाही. बायजाबाईंनी शपथ घ्यायला लावलीच, तर ह्याच्यावर हात ठेवून खुशाल घे, आणि सिस्टरला सगळं सांग. त्यांची चौथी बाटली सात सप्टेंबरला संपेल. मग चतुर्थीच्या आधी मूर्ती घेऊन पेणला ये. तुला समोर बसवून डोळे आखेन. डोळे उघडल्यावर त्यानं सगळ्यांत आधी तुला बघावं, एवढी माझी इच्छा आहे.

तू बोललीस म्हणून आज हे लिहू शकणारी,
तुझी ताई
मैना