निळ्या अबोलीचा बंदोबस्त

दुखान, कतार
गुरुवार, ८ मे २००३

चि. तसनीम हिस,

अस्सलामु अलैकुम. तू, माहनूर आणि तुझ्या भावाच्या घरची सगळी बरी असाल. इथे आफताब आणि मी ठीक.

कारणाशिवाय मी लिहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू मागच्या अंगणात लावलेली निळी अबोली आजूबाजूच्या तीन बंगल्यांच्या हिरवळीत शिरली आहे. कॉलनीच्या बागखात्याचा माणूस काल दारात येऊन बोलून गेला. रोपं तू कोणाकोणाला दिलीस, ती नावं हवीत. तुझ्या भावाने, शफीकने, तुमच्या पासपोर्टसाठी दोनदा फोन केला, तेही मला कळलं. त्याबद्दल पुढे.

ती अबोली नाही. अबोलीची पाकळी एका बाजूला पंख्यासारखी पसरते. हिचं फूल कर्ण्यासारखं, पाच सारख्या पाकळ्यांचं, दुपारपर्यंत गळून पडणारं. ही रुएलिया. वनस्पतिशास्त्र शिकून तीस वर्षं झाली, पण फूल ओळखायला डोळे पुरतात. दोघींच्याही सुक्या शेंगा पाणी लागलं की तडकतात, त्यामुळे तुला बी देताना तुझी आई फसली असावी. तिला दोष देत नाही.

जालिंदर माळ्याने मात्र कहर केला. धूळ बसली म्हणून पाइप लावून सगळी झाडं धुतली. शेंगा फटाफट उडाल्या, बी थेट आबिदाच्या कुंपणापलीकडे. मी ओरडले तर म्हणतो, "मॅडम, मला वाटलं दिवाळीच आली! उपटून टाकतो, खलास."

म्हटलं, "उपटून खलास होत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाबा? खण."

मुळं शतावरीसारखी जाड, झुबक्याने असतात. तुकडा राहिला तरी फुटते.

आफताबचं मत वेगळं. "अम्मी, पाणी बंद कर. आठवड्यात सरळ होईल." मुळं त्याने पाहिलेली नाहीत. हे झाडाबद्दल झालं. तुझा विषय मी काढला तेव्हा म्हणाला, "पासपोर्ट माझ्या कपाटात आहेत. जाते कुठे?" आणि भाकरी मागितली. मी वाढली.

तर रीत अशी. शेंगा हिरव्या असतानाच तोडायच्या. सुकल्या असतील तर कोरड्या हाताने. वीतभर खोल खणायचं. सगळं काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर ठेवायचं, बाकीचं इथलं ऊन करतं. महिनाभराने पुन्हा फिरून बघायचं.

मागच्या पायरीजवळची रांग मी सर्वांत शेवटी काढली. तिथे माहनूर शेंगेला थुंकी लावून बसायची. तडकली की, "दादी, वन मोअर!" मी म्हणायची, मराठीत बोल. ती म्हणायची, "ओके, दादी." आता पायरी स्वच्छ आहे. झाडूही मारावा लागत नाही.

कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. आफताब ड्युटीवरून आला की मीच त्याला सांगेन. तू इथे फोन करू नकोस, तोच उचलतो. रत्नागिरीला आईकडे किती दिवस राहायचं, परत यायचं की नाही, ते मी विचारत नाही. रोपं नेलेल्यांची नावं मजीदला तोंडी सांग.

आबिदाचा ड्रायव्हर मजीद आज दोह्याला, तुझ्या भावाच्या घरी, निघाला आहे. त्याच्या हाती दिलं ते असं:

तसनीमचा पासपोर्ट.

माहनूरचा पासपोर्ट.

माहनूरच्या पिवळ्या सँडल. आखूड झाल्या असतील, तरी.

एका कोरड्या डबीत सुक्या शेंगा. वाटीत पाणी घेऊन तिला फोडू द्यायच्या. तिचं झालं की वाटीत उकळतं पाणी ओतायचं. एकही बी मातीत जाता कामा नये.

माहनूरची दादी,
बिलकिस