शून्याचं तिकीट

मंगळवार, संध्याकाळ

सुटलो एकदाचा! आमची वडगाव–अनगोळ बस बंद होत न्हाय, डेपोत साहेबांनी आज सांगितलं.

बायकांना प्रवास मोफत झाल्यापासून गाडी खच्चून भरलेली, पण कागदावर रिकामी. सरकार डेपोला पैसे देतं ते बायकांच्या शून्याच्या, म्हंजे शून्य रुपयाच्या तिकिटांवर, आणि ती कुणी घेतच नव्हतं. मी कंडक्टर, पण गर्दीत मीही काढत नव्हतो. चूक माझीच की!

साड्या विणणारी शांताआक्का म्हणायची, "फुकट बसतोय, वर कागद कशाला वाया घालवतोस रं?" शेवटी मी म्हटलं, "आक्का, तिकीट न्हाय म्हंजे तू गाडीत नव्हतीसच." त्या दिवसापासून मी गर्दीतही प्रत्येकीला तिकीट द्यायला लागलो, आणि कागदावरही गाडी भरली.

आज बातमी सांगितली, तर तिनं पिशवीतनं तिकिटांची जुडी काढली. त्या दिवसापासूनची सगळी, रेशमाच्या दोऱ्यानं बांधलेली.

"आता कोण म्हणतंय बघू, मी गाडीत नव्हतो म्हणून!"