नफीसाताईंचं पहिलं सलाईन

अहो,

मी दवाखान्यात चाललेय. घाबरू नका, माझ्यासाठी नाही. रेडिएशनला रोज माझ्या शेजारी बसायच्या त्या नफीसाताईंना आज इम्युनोथेरपीचं पहिलं सलाईन लावणार आहेत. नको म्हणून अडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "खुशाल नाही म्हणा, पण घाबरून म्हणू नका." सकाळी त्यांचा फोन आला, "रतीबा, ठरलं गं माझं. तू फक्त सोबत ये."

ट्रामनेच जातेय, एकटी. मोलोखियाची पालेभाजी गरम करून घ्या.

काल माझा रिपोर्ट आणायला तुमचा पाय निघेना, म्हणून मीच आणला. फुप्फुसातली गाठ निम्म्यावर आलीय! चौथ्या मजल्यापर्यंत कुठेही न टेकता चढून आले. तुम्ही झोपेचं सोंग घेऊन पडला होतात, नाहीतर तेव्हाच ओरडून सांगितलं असतं.

रतीबा