गिऱ्हाइकांत दिसलेले बाबा

प्रिय आई,
पायांवर डोकं ठेवतो. मी ठणठणीत आहे, हे आधी सांगतो.

परवा दुपारी इन्सुलिन घेतलं आणि दुकानात गर्दी झाली, म्हणून जेवण राहिलं. मापं घेताना दरदरून घाम फुटला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना बाबांचा चेहरा आला. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली ना गं? टेलरमास्तरांनी तोंडात साखर कोंबली, तसे चेहरे एकेक करून परके झाले.

दाराजवळचे बाबा मात्र हलले नाहीत. “जेवलास का?” त्यांनी विचारलं. मी जेवेपर्यंत ते तिथेच होते.

तुझे गुडघे कसे आहेत?

काल सुई घेतल्यावर डबा उघडावासाच वाटेना. उपाशी राहिलो तर ते पुन्हा येतील, असं वाटलं. शेवटी मास्तरांनीच समोर बसून भरवलं.

तुझा,
धाकटा