बोलण्याआधीच्या खुणा

४ नोव्हेंबर २००३
मूठ उघडली, मिटली, उघडली. दूध. संस्कृतीने पाहिलं आणि माझा चष्मा ओढला. लक्ष आहे. पुण्याहून आणलेल्या पुस्तकात अमेरिकेतली बाळं बोलता येण्याआधी हाताने दूध मागतात. आमची संस्कृती तर वर्षाची होऊन गेली. मी इंग्रजी शिकवतो, हे काय अवघड? दिवाळीची सुट्टी संपायच्या आत उरकेल.

७ नोव्हेंबर
प्रोग्रेस स्लो. कारण सापडलं: गोंगाट. आई सारखी बोलते. शेळीशी, कोंबड्यांशी, चुलीशी. पोरीला हात दिसणार कधी? आजपासून तिच्यासमोर कुणी बोलायचं नाही. आरती म्हणाली, फार छान, तुमच्यापासूनच सुरुवात करा. बायकोचा पाठिंबा मिळाला.

९ नोव्हेंबर
घराला लागून ऊस. दिवस कलला की आई ओसरीवर रेडिओ मोठ्याने लावते, बिबट्या जवळ येऊ नये म्हणून. अख्खं डिंगोरे गाव लावतं. मी सेल काढून ठेवले. आई म्हणाली, वाघाला बी खुणा शिकीव मंग. पोर अंगणात आसतं, येवढं ध्यानात ठेव.
अशिक्षित भीती. पुस्तकात बिबट्याचा उल्लेखही नाही.

१२ नोव्हेंबर
यश. घर खुणा करू लागलं. मी बोललो की आई कपाळाला हात लावते, आरती तोंडाला पदर. दोन्ही पुस्तकात नाहीत. म्हणजे मेथड इथल्या मातीत रुजली. संस्कृती अजून निरीक्षण करते आहे.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी
अक्षर वाईट येतंय.
उन्हं उतरल्यावर अंगणात 'अजून' ही खूण घेत होतो. शांतता उत्तम. उसातून बिबट्या आला आणि संस्कृतीच्या मागे, दोन उड्यांवर, बसला. मला आवाज फुटेना. खुणा केल्या. दूध. अजून. संपलं. एवढ्याच येतात. संस्कृती तेव्हा मुंगी बघत होती.
आई परात बडवत धावत आली. हाड, हाड. संस्कृतीने टाळ्या पिटल्या आणि तीही ओरडली, हाड. बिबट्या उसात गेला. आईने पोरीला छातीशी धरलं, बराच वेळ सोडलं नाही.
आरतीने विचारलं, तुम्ही काय करत होता? म्हणालो, तिला सांगत होतो.
तिने सेल शोधून रेडिओत घातले आणि तो मोठ्याने लावला.

१६ नोव्हेंबर, सकाळी
संस्कृतीने कुत्र्याला हाड म्हटलं. कोंबड्यांना म्हटलं. मी पुस्तक घेऊन समोर बसलो. मलाही म्हणाली. उच्चार स्पष्ट आहे.