काळ्या चौकोनातली विद्यार्थिनी

५ जानेवारी
संकल्प: आदर्श मार्गदर्शक व्हायचं. ऑनलाइन मार्गदर्शनाच्या प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या, एकदा विद्यार्थ्याच्या बाजूने मीटिंग बघा. लगेच बघितली. वाट्याला मुलगी येणार, म्हणून जुन्या टॅबवरून ‘विद्यार्थिनी’ नावाने आलो, स्वतःच स्वतःला आत घेतलं. छान दिसतो मी. टॅब आतल्या खोलीत पुस्तकांमागे चार्जिंगला लावून ठेवला. मीटिंग संपवत बसलो नाही, लॅपटॉप मिटला.

७ जानेवारी, मंगळवार
पहिली भेट. वाट्याला एकच मुलगी. परगावी नोकरी सांभाळून पीएचडी करते. फेब्रुवारीअखेर आराखड्यावर माझी सही झाली नाही तर प्रवेश रद्द. मी यायच्या आधीच हजर! कॅमेरा बंद, माइक बंद, काळा चौकोन. नावसुद्धा लाजून नुसतं ‘विद्यार्थिनी’ लिहिलंय.

१४ जानेवारी
माझ्या पीएचडीची कथा सांगितली. अर्धीच झाली. मुलगी मध्ये तोंड घालत नाही. (आमचे चिरंजीव दुसऱ्या वाक्याला उठतात.) ‘बाहेर कोणीतरी थांबलंय, आत घेऊ का?’ अशी पट्टी स्क्रीनवर सारखी येते. नाव न वाचता बंद करतो. विद्यार्थ्याला पूर्ण लक्ष द्यावं.

२१ जानेवारी
आमची ही म्हणते, तुम्ही बोललात की क्षणभराने आतल्या खोलीत कोणीतरी तेच बोलतं. शिकलेल्या बाईने असं बोलावं! तिला समजावलं. आतल्या खोलीतून टॉवेल आणायला मात्र तिलाच पाठवलं.

११ फेब्रुवारी
मुलीचे मेल येताहेत. उघडत नाही. जे काय ते मीटिंगमध्ये, ही शिस्त. आज विचारलं, “तुला कळतंय ना?” चौकोन गप्प. मग आतून माझ्याच आवाजात आलं, “तुला कळतंय ना?”
अंगावर काटा आला. थंडीचा असणार.

२५ फेब्रुवारी
आराखडा अजून दाखवत नाही. मीही मागत नाही. मुलांवर दडपण आणू नये. पट्टी आज तासभर येत राहिली. कोण एवढं चिवट?

४ मार्च
विभागप्रमुखांचा फोन. मुलीचा प्रवेश रद्द झाला. म्हणाले, “सर, ती दर मंगळवारी बाहेर थांबायची. तुम्ही आत घेतलंच नाही.” मी ठणकावलं, एकही मंगळवार तिने चुकवलेला नाही.
हिने पुस्तकांमागचा टॅब आणून पुढ्यात ठेवला. लॅपटॉप उघडाच होता. टॅबवर मी. तोंड उघडं.
जेवलो नाही. लाज वाटते आहे.

११ मार्च
टॅब बंद. सवयीने मीटिंग उघडली. बाहेर कोणी नाही. मुलीला फोन लावला. “हॅलो,” म्हणाली. पहिल्यांदाच आवाज ऐकला, बारीक आहे. माफी मागायला सुरुवात केली. मुद्दा नीट पोचावा म्हणून आधी माझ्या पीएचडीच्या वेळची उरलेली हकिकत सांगितली. बराच वेळ बोललो. किती शांतपणे ऐकत होती.
म्हटलं, “ऐकतेयस ना?”
फोन कधीच ठेवलेला होता. आतल्या खोलीतूनही कोणी काही बोललं नाही.